बुजवलेली बिळं

गव्हाण, ता. ६ ऑक्टोबर

चि. मनस्वी हिला आशीर्वाद वर लिहिलाय, शिव्या खाली येतील.

करंजाड्याच्या नवव्या मजल्यावर बसून तू मुकी जनावरं वारा-पाऊस कशी सांगतात त्याचं पुस्तक करतेस. चिंबोरीनं, तुमच्या पुस्तकातल्या खेकड्यानं, बीळ बुजवलं की होडी काढायची नाय, हा आपल्या गावचा रिवाज कोणी पाडला, विचारतेस. मी पाडला. चौथी नापास बाईनं.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. तुझा आजोबा अंगात ताप घेऊन होडी काढायला निघालेला. बायकोचं ऐकणारा माणूस नव्हता तो. मग पहाटेच्या ओहोटीला चिखलात उतरून धक्क्याखालची सगळी बिळं मी हातानं लिंपली आणि बोंबलत घरी आले की चिंबोऱ्यांनी दारं लावली, आज वादळ हाय. तो घाबरून राहिला. आणि मेलं खरंच वादळ आलं! दोन होड्या बुडाल्या. तेव्हापासून सारा गाव बिळं बघतो. मला मान मिळाला, मी गप्प राहिले.

तुझा बाप आनंदा वादळात गेला त्या सकाळी त्यानंही बिळं बघितली होती. उघडी होती. हे आजवर कोणाला सांगितलं नाय.

आता तुझा भाऊ. मोबाईल परवा वादळ सांगतोय. कुंदन बोलतो, मोबाईल रोज भुंकतो, मी बिळं बघून जाईन. त्याला हे तू सांग. माझी जीभ इथंच तेवढी लुळी पडते. वेणू तिकडे मासळी विकायला येते, तिच्या हाती उत्तर धाड.

लोभ मागून कर, आधी त्याला फोन कर.

तुझी आजी गंगाबाई

करंजाडे, ता. ७ ऑक्टोबर

ती. आजीस नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसला गेलेच नाही. बाबांचं हे तू एकटीनं इतकी वर्षं कसं पोटात ठेवलंस?

कुंदनला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, नातवाला घरी बसवायला आजीनं नवी गोष्ट रचलीय. चिंबोऱ्या खोटं बोलत नाहीत, आजी बोलते. तूच त्याला समोर बसवून सांग ना. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी मनस्वी

गव्हाण, ता. ८ ऑक्टोबर

चि. मनस्वी, आशीर्वाद.

काल त्याला समोर बसवून सांगितलं. तो जेवत होता. बोलला, कालवण झकास झालंय.

मग मला दुसरं काय येतं? आज पहाटे चिखलात उतरले. भराव पडल्यापासून धक्क्याखाली अंगणाएवढा चिखल उरलाय. एकवीस बिळं. गुडघे वाकत नायत, म्हणून बसून, सरकत सरकत लिंपली. कुंदन आला, बघत राहिला. माझी बोटं उमटली होती, सरकल्याची फरफट दिसत होती. बोलला, आजी, आता पटलं, बिळं तूच बुजवतेस. मला वाटलं, जिंकले.

मग बोलला, म्हणजे चिंबोऱ्यांनी उघडीच ठेवली होती ना? आणि होडी ढकलली.

दुपारपासून वारा सुटलाय. त्याचा फोन लागत नाय. वेणूनं आज टोपली उचलली नाय, तेव्हा हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे.

आता संध्याकाळची ओहोटी लागली म्हणून धक्क्यावर जाऊन आले. पुस्तकात तेवढं नीट लिही. आभाळ काळं झालंय, धक्क्यावर उभं राहवत नाय, आणि मी लिंपलेली एकवीसच्या एकवीस बिळं चिंबोऱ्यांनी परत उघडलीत.

गंगाबाई