गोकुळची बोट आणि भिमाजीचा बांध

पिंपरी पेंढार,
कांदालागणीचे दिवस

चि. गोकुळ यास अक्काचे आशीर्वाद. इकडं आम्ही सगळी बरी आहोत. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, तवा ती चांगलीच असणार असं मी ठरवून टाकलंय. (बोटीवर रेंज नसती हे ठाऊक हाय. तीन वर्षं तेच ऐकतेय.) भाऊबीजेला यंदाबी चंद्रालाच ओवाळलं. तो ओवाळणी टाकीत न्हाई, पण दिसतो तरी.

आता तुझ्यापायी काय झालं ते ऐक. डेअरीवर दूध घालताना बांधाशेजारचा भिमाजी म्हणाला, "गोकुळची बोट म्हंजी धरणात मासे धरत्यात तसलीच ना?" माझं डोकंच फिरलं. घरी येऊन तेजस्विनीला मोबाइल काढायला लावला. (तुझी भाची अवसरीला इंजिनेर होतीय, दूध अजून उतू घालवती.) ती म्हणाली, मामाची विक्रांत म्हंजी विमानं उडवायची बोट, लांबी दोनशे बासष्ट मीटर. मला मीटर कळत न्हाई, रान कळतं. विहिरीकडचं रान कांद्यासाठी मोकळं केलेलंच होतं. ठिबकच्या नळीनं मोजलं आणि चुन्याची फक्की मारत बोट आखली. शेपूट रस्त्याला धरलं, तरी नाक बांध ओलांडून भिमाजीच्या रानात गेलं.

आपल्याकडं बांधावर चुना पडला की माणसाला आधी सरकारी मोजणीच दिसती. भिमाजी अर्धी दाढी तशीच ठेवून पळत आला. "मोजणी आणली व्हय? मला नोटीस न्हाई, काय न्हाई!"

म्हणलं, "मोजणी न्हाई, बोट हाय."

"बोट पाण्यात असती अक्का, माझ्या रानात न्हाई!"

"मग तुझं रान उचल."

पोरीनं मधी पडून त्याला जगातल्या बोटी सांगितल्या म्हणून निभावलं. थायलंडवाल्यांची म्हणे बारकी, आपल्याच रानात बसली असती. (तू तसलीवर का लागला न्हाईस? भांडण तरी टळलं असतं.) अमेरिकेची तीनशे तीसच्याबी वर, तिला अणूची भट्टी, वर्षानुवर्षं तेल भरायला नको. तिच्यावरनं विमान गोफणीतल्या दगडासारखं भिरकावत्यात. आपल्या बोटीचं नाक वर उचललेलं, विमान त्याच्यावरनं पळत जाऊन उडतं. परत आलं की आडव्या तारेत आकडा अडकवून धरत्यात, मोकाट खोंड दाव्यानं धरावा तसं. भिमाजी गालावरचा फेस वाळेपर्यंत ऐकत राहिला. म्हणाला, "अमेरिकेची असती तर माझी विहीरबी गेली असती. आपलं सरकार बेताचं हाय तेच बरं."

मग त्यानं चपला काढल्या, रेघेच्या आत आला आणि इचारलं, "अक्का, यात गोकुळ झोपतो कुठं?"

मला थायलंडची बोट ठाऊक, अमेरिकेची ठाऊक. तू कुठं झोपतोस ते ठाऊक न्हाई. लहानपणी माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याबिगर तुला झोप येत नव्हती. मी आपलं ठोकून दिलं, "त्या कडुलिंबापाशी." तवापासून रोज सांजच्याला पाय तिकडंच जात्यात. मला तुझी आठवण येती असं समजू नकोस. मी पाणी बघायला जाते.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझी
सारजाअक्का

ता. क. पाणी बघायला जाते असं वर लिहिलंय, पण त्या रानाला पाणी अजून सोडलेलंच न्हाई. सोडलं की चुना जाईल. भिमाजीनंबी नाकापुढं नांगर थांबवलाय.

ता. क. दुसरा. तू नाकापासून किती लांब झोपतोस, डाव्या अंगाला का उजव्या, ते कळव. तेवढा वाफा सोडून बाकीची लागण उरकते.

ता. क. तिसरा. नको, कळवू नकोस. कागदावरचं मीटर मला कळायचं न्हाई. सुट्टी काढून ये आणि उभा राहून दाखव. लवकर ये, कांद्याचं रोप म्हातारं व्हायला लागलंय.