ताईच्या हातचा दहीभात

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची ग्वाल्हेरला! विदिशेहून भोपाळ जवळ होतं, पण ताईने फोनवर नुसता धिंगाणा घातला. सख्खी बहीण असताना शरू, तू धर्मशाळेत राहून किमो घेणार? मग काय, आलेच. माधवगंजातलं तिचं घर लहान, पण वरची उन्हाची खोली माझ्यासाठी रिकामी केलीय. भाची हर्षिता मात्र वाळून काडी झालीय. वर्षभर ताप, निदान नाही. पोरीला जिनासुद्धा चढवत नाही. रोज दिवेलागणीला ताई तिच्यावरून दहीभाताची वाटी ओवाळते, डोक्यापासून पायांपर्यंत तीनदा, आणि तो उतारा चौकात ठेवून मागे न बघता परत येते. चौकातली कुत्री आजारी पडतील गं, म्हटलं मी. ताई हसली नाही.

७ नोव्हेंबर
पहिला किमो झाला. डॉक्टरीणबाईंनी आता या वहीत नोंद ठेवायला सांगितलीय: भूक, झोप, मन, प्रत्येकाला दहापैकी गुण. बावीस वर्षं पोरांना गुण दिले, आता स्वतःला द्यायचे! भूक ६, झोप ७, मन ९. मनाचे नऊ ताईमुळे.

१४ नोव्हेंबर
तोंड आलंय. पाणीसुद्धा झोंबतं, सगळ्याला लोखंडाची चव. फक्त दहीभात गिळवतो. ताई स्वतः भरवते, एक शीत उरू देत नाही. आज भातात कुंकवाचा कण निघाला. पूजेवरून तशीच उठले, म्हणाली. भूक ४.
हर्षिता जिना चढून माझ्या खोलीत आली! मी रडलेच. लहानपणी चिऊचा घास, काऊचा घास करत हिला मी भरवलेलं आहे. मन पुन्हा ९.

२८ नोव्हेंबर
दुसरा किमो. केस गेले, ते जाणारच होते. पण रोज ताप येतो, आणि डॉक्टरीणबाईंना कारण सापडत नाही. इतकं वजन इतक्या लवकर जायला नको होतं, म्हणाल्या. हर्षिताचा ताप गेला. नई सडकेवरून माझ्यासाठी लोकरी टोपी घेऊन आली, म्हणे, मावशी, अब तो मैं दौड़ सकती हूँ. भूक २, झोप २.
ताईला विचारलं, हल्ली चौकात जात नाहीस का? म्हणाली, उतारा बंद केला, बरी झाली ना पोर.

५ डिसेंबर
बंद नाही केला.
पाणी मागायला उठले. जिन्याच्या वळणावरून स्वयंपाकघर दिसतं. हर्षिता पाटावर बसलेली, ताई वाटी ओवाळत होती. डोक्यापासून पायांपर्यंत. तीनदा. मग वरचे काळे उडीद बोटाने वेचले, कुंकू पुसलं, भात कालवला— आणि वाटी घेऊन जिन्याकडे वळली. मागे न बघता.
भिंत धरून कशीबशी तिच्याआधी खोलीत पोचले. तिने भरवलं. मी गिळलं. भीतीने गिळलं.

६ डिसेंबर
ताई गं. मी चौक का तुझा? मरायलाच आलीय ही, असं वाटलं? लेकीसाठी मागितलं असतंस तर मी हसत— पण असं? मायेने भरवून? नीच आहेस. नीच.
फोन सापडत नाही. ताई म्हणते, चार्जिंगला लावलाय. कुठे ते सांगत नाही.
भूक ०. मन—

७ डिसेंबर
दिवेलागण झाली. आज घासाला तोंड उघडायचं नाही. हर्षिताला सगळं सांगणार. ती आईला थांबवेल. माझी पोर आहे ती.
जिन्यावर पावलं— ताईची नाहीत. भराभर चढतायत. हर्षिताच. सुटले गं बाई—
हातात वाटी आहे.
विचारलं, तुला ठाऊक आहे का यात काय— म्हणाली, हो. पहिल्या दिवसापासून.
उशाशी बसलीय. हात धरलाय, लिहू देत नाही— किती जोर आलाय हिला—
म्हणतेय, मावशी, आ कर. हा घास चिऊचा, हा