घुमणारी नळी आणि माझा आगाऊ हात

वडील वन्संना नमस्कार (कंबर वाकते तेवढा, उरलेला समजून घ्यावा). तुमचे गुडघे बरे असतील, डोळ्याचं ऑपरेशनही नीट झालं असेल. नसतं झालं, तर वहिनीने साधी चौकशी केली नाही हे एव्हाना चार घरी सांगून झालं असतं. मी ठीक. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

पत्राचं कारण आपली नात. तिला पीएचडी करायची आहे. जागा एक, मुलाखतीला माणसं अकरा. विषय काय, तर ज्योत का बिथरते त्याचं गणित. मी म्हटलं, तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये हत्तीएवढ्या शेगड्या सांभाळल्या, मला विचार, फुकट सांगते. तर म्हणाली, आजी, तसं नाही. बंद जागेत ज्योत थरथरली की आवाज होतो, आवाजाने ज्योत आणखी थरथरते, मग आवाज आणखी चढतो आणि शेवटी मोठमोठी इंजिनं फुटतात. हे कधी होणार ते आधी कागदावर मांडायचं. (मला लगेच समजलं. तुम्ही आणि तुमचे बंधू पत्ते खेळायला बसलात की हेच व्हायचं, फक्त कागदावर कोणी मांडलं नाही.)

सूनबाईचा पाय मुरगळलेला, तुमचा भाचा तोंड फुगवून घरी, म्हणून सोबत मी गेले. मुलाखतीच्या खोलीबाहेर प्रयोगशाळेत मला स्टूल दिलं आणि कशाला हात लावू नका असं बजावलं. आता हात लावायचा नाही अशा ठिकाणी मला बसवावंच कशाला? समोर माणसाएवढी काचेची नळी, तळाशी बर्नर, आणि नळी अशी घुमत होती की माझी कवळीही तिच्याबरोबर घुमायला लागली. मी पाहिलं, हवा जास्त झाली आहे. शेगडी घुमली की हवेची चकती फिरवायची हे माझ्या हाताला ठाऊक, तो डोक्याला विचारत बसत नाही. जराशी फिरवली. नळी गप्प. मी परत स्टुलावर, मोठं पुण्य केल्यासारखी.

आत काय झालं ते मागाहून कळलं. नळीचा आवाज आत पडद्यावर नागमोडी रेघ होऊन दिसत होता आणि पोरगी फळ्यापाशी उभी राहून तीच रेघ समजावत होती. नऊ दिवस खटपट करून त्यांनी तो आवाज मिळवला होता. (बिघडवायला नऊ दिवस. आमच्याकडे नवीन माणूस नऊ मिनिटांत बिघडवायचा.) रेघ मध्येच सपाट झाली. मुलाखत घेणारे सर म्हणाले, यंत्र बंद पडलं, आता उद्या बघू. पोरीने फळ्यावर दोन ओळी खरडल्या आणि म्हणाली, "यंत्र ठीक आहे, सर. कोणीतरी हवा दहा टक्के कमी केली आहे. बाहेर माझी आजी बसली आहे."

सगळे बाहेर. मी छताकडे बघत. सरांनी चकती मोजली, बारा टक्के निघाली. मला वाटलं संपलं, माझ्याच हाताने पोरीचं वाटोळं झालं. दोन्ही हात पदराखाली लपवले (हे तुम्ही बघायला हवं होतं). सरांनी चकती पुन्हा होती तिथे फिरवली, नळी पुन्हा घुमायला लागली. मग तिला म्हणाले, "आता बाकीच्या दहा जणांसाठी आजी कुठून आणू?"

संध्याकाळी जागा तिलाच मिळाल्याचं कळलं.

गुडघ्यांना जपा, जिने चढू नका.

तुमची वहिनी

ता. क. खरं काम राहिलंच. तुमचा भाचा म्हणतो, विम्याच्या कचेरीतली नोकरी चालून आली आहे ती घे, आगीची गणितं कोण विचारतं. सोमवारपर्यंत पीएचडीला होकार गेला नाही तर जागा दुसऱ्याला. पोरगी म्हणते, बाबांचं मन मोडून जाणार नाही (हा मूर्खपणा माझ्या माहेरचा नव्हे). माझं तो ऐकत नाही, पण आत्याचा शब्द त्याने आजवर खाली पडू दिलेला नाही.

आणखी ता. क. त्याला मी कालच सांगून बसले की आत्याचं होकाराचं पत्र आलं आहे, कुठे ठेवलं ते आठवलं की दाखवते. रविवारपर्यंत मला आठवणार नाही. तेव्हा उलट टपाली दोन ओळी लिहा, आणि वर तारीख मागच्या मंगळवारची टाका.