नाव न घेण्याची रीत

आई, तुला लिहायला बसले खरी, आणि मग आठवलं की तुला अक्षरओळख नव्हती. आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगण्याचा धीर होत नाही.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला ते वर्ष. देवळीच्या घरी तू वरणात दोनदा मीठ घालतेस, चूल पेटवून परसात निघून जातेस. वहिनी मनाने चांगली. तिने तुझ्या हातातलं सूप, विळी, उलथणं एकेक करून काढून घेतलं आणि आता आराम करा म्हणाली. तू ओसरीवर बसून विचारलंस, "काऊन वं, मले काई कामच नाई का आता?" मग वर्ध्याहून डॉक्टर आले. त्यांनी वार विचारला, तो तू बाजारावरून बरोबर सांगितलास. महिनाही सांगितलास. पुढे त्यांनी मालकांचं नाव विचारलं. तू पदर पुढे ओढलास आणि खाली बघून हसलीस. वहिनी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमी दिवसभर बसून राह्यले तरी सासूबाई मामंजीचं नाव नाई घेणार." सगळे हसले, डॉक्टरही. मी जरा जास्तच, कारण नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून पहिल्या सुट्टीत आले तेव्हा बाबांचं पूर्ण नाव मी खणखणीत घेऊन दाखवलं होतं आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास.

जाताना डॉक्टर सांगून गेले की वय झालं म्हणून डोक्याला नुसता आराम देऊ नका. हाताला काम द्या, रोज चालवा, चार माणसांत बसवा, दुपारी फार झोपू देऊ नका. प्रकृती ठीक आहे, एवढंच आमच्या कानांत राहिलं. त्याच आठवड्यात बाबा शेतावरून येऊन ओसरीवर टेकले होते. तू स्वयंपाकघरात माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, "बाहेर कोन मानूस बसून राह्यला वं? त्याले पाणी तरी द्या." म्हणजे डॉक्टरांसमोर तू लाजली नव्हतीस. ते नाव तुला सापडतच नव्हतं, आणि रीतीने तुला झाकून घेतलं होतं. किती महिने, कोण जाणे.

आता मी तुझ्या त्या वयाला आले आहे. तेव्हा डॉक्टरांनी तुझ्यासाठी सांगितलेलं सगळं करते. सकाळी वर्ध्याच्या घरून नालवाडीपर्यंत चालत जाते, शिवाय रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, वेळेवर झोपते. भाजी आणणाऱ्या बाईकडून तिच्या गोंडीतले शब्द शिकते. माझा उच्चार ऐकून ती तोंडाला पदर लावते. आणि रोज चहाच्या वेळी ह्यांचं नाव आडनावासकट मोठ्याने घेते. हे वर्तमानपत्राआडून म्हणतात, "हजर."

गेल्या मंगळवारी मी तोंड उघडलं आणि नाव आलं नाही. चहावर साय धरली तरी आलं नाही. ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघत राहिले, आणि मग मी नाव घेतलेलं नसतानाच म्हणाले, "हजर."

नाव नंतर आलं, अंघोळ करताना. ह्यांनी सुनेच्या कानावर घातलं असावं, तिने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. लवकर कळलं तर बरंच काही करता येतं, असं ती म्हणते, आणि ते खरंही असेल. मी तिला सांगितलं की गुडघे धरले आहेत, पुढच्या महिन्यात पाहू.

आई, माझे गुडघे अगदी ठणठणीत आहेत.