जिन्यातल्या कुंड्या

१२ जानेवारी, रविवार

गेल्या! सगळ्या कुंड्या गेल्या!

दोन दिवस भाचीकडे चिंचवडला काय गेले, तेवढ्यात साधलं. आज परत आले तर जिन्यातली खिडकी मोकळी. जिना झाडणाऱ्या धोंडाबाईला विचारलं. नजर चुकवत म्हणाली, "सेक्रेटरीभाऊंनी टाकायला लावल्या, ताई. कालच कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मी न्हाई म्हनत व्हते."

तशीच खाली सेक्रेटरी महिपतीभाऊंच्या दारात गेले. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नोटीस लावलीती की. जिन्यात सामान ठेवायचं न्हाई. आन् त्यात व्हतं काय? रिकाम्या कुंड्या. नुसती माती!"

नुसती माती! लिलीचे कंद थंडीत पानं टाकून झोपतात, हे या माणसाला कोण सांगणार? सुषमाच्या अंगणातले कंद होते ते. ती गेली, पवनानगरचं घर विकलं, आता तिथं पर्यटकांचे तंबू लागतात. बहिणीचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं. उन्हाळा लागला की लाल फूल यायचं आणि मला वाटायचं — आली बाई!

हे मी विसरणार नाही.

१३ जानेवारी

अर्धी रजा टाकून कचरा डेपोवर गेले. तिथल्या माणसानं ढिगाकडे नुसता हात केला. रडले नाही. रडायचं नाहीच.

१९ जानेवारी

सुचलं! भांडी घासताना सुचलं.

एकटीच्या कुंड्या फेकता येतात. अख्ख्या बिल्डिंगच्या फेकून दाखव म्हणावं!

घरातली झाडं वाचली आहेत — ओट्यावरचा मनी प्लांट, बाथरूमबाहेरचा स्नेक प्लांट, टीव्हीजवळचा स्पायडर. दुपारभर बसले. मनी प्लांटच्या वेलाचे तुकडे केले, प्रत्येकाला एक पेर ठेवून. पेर पाण्यात, पान वर. स्नेक प्लांटची पानं आडवी कापून मातीत खोचली — खालची बाजू खालीच, उलटं लावलं तर रुजत नाही. स्पायडरची लोंबणारी पिल्लं तोडून घेतली. कात्री चालवताना तोंडात एकच नाव — महिपती, महिपती!

२ फेब्रुवारी

मुळं आली! पांढरी, दोऱ्यासारखी. स्नेक प्लांट मात्र ढिम्म. त्याला वेळ लागतो. मलाही घाई नाही.

कंपनीतून रिकाम्या बाटल्या आणते. कापायच्या, खाली भोकं पाडायची, झाली कुंडी. स्टोअरमधले हसतात. "राजेश्वरीबाई, नर्सरी काढताय काय?"

हो म्हटलं. सूड काढतेय, असं कसं सांगू?

१६ फेब्रुवारी

वाटपाला सुरुवात. समोरची तेजल म्हणाली, "ताई, माझ्या हाताला तुळससुद्धा टिकत नाही हो." म्हटलं, "हे टिकेल. माती सुकली की पाणी. आणि दाराबाहेर ठेव, जिन्यातला उजेड मानवतो."

खोटं! घरातल्या कोपऱ्यातही छान जगतं ते. पण मला ते जिन्यातच हवंय.

२ मार्च

तिन्ही मजल्यांवर हिरवंगार. पोरांनी बाटल्यांना डोळे-मिशा काढल्यात. महिपतीभाऊ जिना चढताना एकेका कुंडीकडे बघतात आणि गप्प पुढे जातात. कुणाकुणाशी भांडणार? मी दारामागून ऐकते. त्यांची पावलं जड झाली की मला चहा गोड लागतो.

३० मार्च, पाडवा

आज कहर झाला! शालूबाई आल्या — महिपतीभाऊंची बायको! पदराआड कात्री. हळूच म्हणाल्या, "मनी प्लांट मागून न्यायचा नसतो म्हने. चोरूनच न्यावा लागतो. तुमी जरा पाठ करा, मी तोडते."

मी पाठ केली. हसू दाबताना पोटात दुखलं. कट्ट करून आवाज आला. जाताना म्हणाल्या, "ह्यांना काय बोलू नका. आमच्या वराळ्याच्या घरी लय झाडं व्हती. हितं आल्यापास्नं हाताला माती न्हाई लागली."

त्यांच्या घरातूनच बाण सुटला! आता सेक्रेटरीच्या दारातही कुंडी.

६ एप्रिल

मीटिंग. महिपतीभाऊ उठले, "जिन्यातल्या कुंड्या —" एवढंच म्हणाले. पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. तेजल सगळ्यात मोठ्यानं ओरडली. कुणीतरी म्हणालं, आधी तुमच्या दारातली काढा! सगळे हसले. ते बायकोकडे बघत राहिले, मग खाली बसले. शालूबाई मान खाली घालून चपलेनं फरशी कोरत होत्या.

तीन महिने या क्षणाची वाट पाहिली होती. पोटभर बघून घेतलं.

७ एप्रिल

सुषमाची आठवण. लाल काहीच नाही यंदा.

१७ एप्रिल

शालूबाई आता रोज जिन्यातल्या सगळ्या झाडांना पाणी घालतात. मी सकाळच्या शिफ्टला जाते, मला बरंच आहे. काल म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळं पुन्यांदा झाडांत हात गेला." हिच्याशी माझं वैर नव्हतं कधी. पण तिच्या दारातली कुंडी बघून खूश होताना मी तिचा विचारही केला नव्हता.

२३ एप्रिल

शालूबाई पडल्या. आमच्या मजल्याच्या वळणावर. हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्या बाटल्यांखाली ताटल्या नाहीत, पाणी पायऱ्यांवर उतरलेलं. खुब्याचं हाड मोडलंय. सुट्टी होती म्हणून मी घरी, आवाज ऐकून धावले. महिपतीभाऊ त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्यातच बसलेले. वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

म्हणाले, "ताई, जिना तेवढा पुसून घ्या. स्ट्रेचर वर यायचंय."