आईची नोंद चालू आहे

२ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवं भाड्याचं घर आणि पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आलेली आई. आणखी काय हवं? खिडकीजवळच्या टेबलावर ऑफिसने दिलेला कॉम्प्युटर मांडला. कामाचे तास मोजायला त्यात एक प्रोग्रॅम आहे. बटणं नाहीत, चित्रं नाहीत; काळ्या पडद्यावर ‘सुरू’ आणि कामाचं नाव टाइप करून एंटर मारायचं. दुसरं काम सुरू केलं की पहिलं आपोआप थांबतं. नोंद कायमची संपवायची तर ‘बंद’ आणि नाव. आई जन्मभर टायपिस्ट होती. माझी दोन बोटांची टकटक बघून तिने कपाळाला हात लावला.

५ फेब्रुवारी
वरिष्ठबाई म्हणाल्या, काम सोडून वेळ कुठे जातो तेही नोंदवत जा. म्हणून ‘सुरू आई’ टाइप केलं आणि तिचे केस विंचरायला बसले. गेल्या वर्षी पडल्यापासून तिचा खांदा दुखतो. स्वतःचं नाव पडद्यावर बघून स्वारी खूश. मग दुपारभर बाबांच्या गमती सांगत बसली.

६ फेब्रुवारी
ती नोंद थांबवायची राहूनच गेली होती. आज चहा पिताना कामाची नोंद सुरू केली आणि मागे बाबांची गोष्ट सांगणाऱ्या आईचा आवाज तुटला. कप ओठांपाशी, डोळे उघडे, श्वास नाही. हलवलं, हाका मारल्या. पडद्यावर नेहमीसारखी ओळ होती : ‘आई थांबली.’ पुन्हा ‘सुरू आई’ टाइप केलं. तिने चहाचा घोट घेतला.
बाबांची ती गोष्ट पुरी कर म्हटलं, तर विचारते, कोणाचे बाबा?

९ फेब्रुवारी
डॉक्टर तपासून गेले. सगळं ठीक म्हणाले. मला भास झाला असेल म्हणून आज पुन्हा कामाची नोंद लावून पाहिली.
भास नव्हता. परत आली, पण आमचं जुनं घर विसरून आली. मी कशाला पाहायला गेले? माझ्याच हाताने —

१२ फेब्रुवारी
कामाचे तास शून्य. वरिष्ठबाईंचा फोन. काम सुरू करा, नाहीतर परवा माणूस येऊन कॉम्प्युटर घेऊन जाईल. आई आजारी आहे म्हटलं. म्हणाल्या, आई सगळ्यांनाच असते.
नोंद दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची तर आधी इथे थांबवावी लागते.

१३ फेब्रुवारी
आज तिने मला विचारलं, तू कोण गं? रडत सगळं सांगून टाकलं. दुखऱ्या हाताने माझे केस विंचरत राहिली. माझ्यामुळे तुझं काम अडलंय का गं, म्हणाली. नाही म्हटलं. खोटं मला कधीच जमलं नाही.

१४ फेब्रुवारी
माणूस दाराशी आलाय. कडी लावलीय. उघडणार नाही —
आई टेबलाशी बसलीय. टकटक ऐकू येतेय. दहाही बोटं, खाली न बघता. माझं नाव आठवत नाही तिला, पण बोटांना —
पडद्यावर ‘बंद आई’. एंटर अजून —
वळून हसली. “तू कामाला लाग, बाळ.”
आई, नको, हात उचल, मला ही नोकरी नको, मी ती सोड—