लाल टॉवेलची करामत

ढब्बूच्या आईस खूप खूप प्रेम,

जिंकलो गं! कारखान्याच्या रस्सीखेचीत आम्हा सुतारांनी वेल्डरांना चक्क फरफटत आणलं.

पण आधीची गंमत ऐक. संघाचे पांढरे शर्ट धुवायचं काम माझ्याकडे होतं. तू रंगीत कपडे नेहमी वेगळे भिजवतेस. मी माझा नवा लाल टॉवेल त्याच बादलीत कोंबला आणि सगळे शर्ट गुलाबी झाले! आमचे गडी उखडले, "पांढऱ्यात रुबाब होता, हा तर बायकांचा रंग!" समोरचे वेल्डर पोट धरून हसले. मग आमची सटकली आणि असा जोर लावला म्हणून सांगू! आता मुकादम सांगत फिरतात, गुलाबी हा ताकदीचा रंग. पांढरा शर्ट घालायला कुणी तयार नाही.

कंबर जरा धरलीय, शेकून द्यायला कोणी नाही एवढंच. तुझा खोकला थांबला का?

आणि हो, मावशीने विणलेला गुलाबी स्वेटर ढब्बू अजून घालत नाही ना, पोरं हसतात म्हणून? सोबतचा फोटो त्याला दाखव. ढाल उंच धरलेला तो गुलाबी माणूस तुझा बाप आहे, म्हणावं.

तुझाच,
कच्चा धोबी